लिफ्टसाहेब मिरच्या भाजतात

लिफ्टसाहेबांना बायकोनं झापलं नव्हतं त्याला आता बरेच दिवस होऊन गेले होते, आणि त्यांच्या जिवाला चैन पडत नव्हतं. दुसऱ्या एखाद्या नवऱ्यानं यात सुख मानलं असतं. पण लिफ्टसाहेब उभ्या संसारात रोज बोलणी खात आलेले. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून, वर्तमानपत्र घडी न करता ठेवलं म्हणून, जेवताना लिफ्टच्या दोरखंडांबद्दल बोलले म्हणून. माणसाला सवय होते. परवा त्यांनी मुद्दाम, जाणूनबुजून, ओला टॉवेल पलंगाच्या मधोमध टाकला आणि आडोशाला उभे राहिले. बायको आली, तिनं टॉवेल उचलला, दोरीवर वाळत घातला आणि विचारलं, "चहा टाकू?"

बस, एवढंच. लिफ्टसाहेब हबकून गेले.

कारण सगळ्यांना माहीत होतं. उन्हाळा सरता सरता तिचा भाऊ गेला होता. एकुलता एक, थोरला. ती त्याला दादा म्हणायची आणि इमारतीतली सगळी लहानथोर मंडळी मामा म्हणायची. पलीकडच्या रस्त्यावर मामांचं वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. होतं म्हणायचं एवढंच; हल्ली लोक मशीन बिघडलं की दुरुस्त करत नाहीत, नवं आणतात. त्यामुळे मामा दुकानात बसून जुन्या मशीनांकडे बघत असायचे आणि जेवायला बहिणीकडे यायचे. एकटा जीव होता. एके दिवशी जेवायला आले नाहीत, तेव्हा कळलं.

लिफ्टसाहेबांना हे नाव का पडलं तेही सांगून टाकलं पाहिजे. त्यांची सगळी नोकरी सरकारी खात्यात लिफ्ट तपासण्यात गेली. कुठल्याही इमारतीत शिरले की ते आधी पाटी वाचायचे, किती माणसं, किती वजन, आणि मग आत पाऊल टाकायचे. निवृत्त झाल्यावरही आपल्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल ते फुकट करत आले होते. गच्चीवरच्या यंत्रखोलीची किल्ली त्यांच्या खिशात असायची. यासाठी आजवर कुणीही त्यांना 'वा' म्हटलेलं नव्हतं. लिफ्ट चालली तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बंद पडली तर सगळे लिफ्टसाहेबांचं नाव घेतात. हे दुःख त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते होतं.

आणि मामांना मात्र सगळे वा म्हणायचे! वर्षातून एकदा, हवा थंड व्हायला लागली की एका शनिवारी मामा गच्चीवर आपली शेगडी लावायचे. एका जुन्या वॉशिंग मशीनचा पत्र्याचा ड्रम, बारीक भोकाभोकांचा, खाली लोखंडी सळ्यांचे तीन पाय, वर जाळी. त्यावर मामांच्या त्या प्रसिद्ध मिरच्या. जाड, हिरव्या, तिखट मिरच्या चिरून त्यात चीज भरायचं, वरून बेकनची, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाची, पट्टी गुंडाळायची, काडी टोचायची आणि भाजायच्या. मामा हातात चिमटा घेऊन ऐटीत उभे, आणि भोवती सगळी इमारत ताटल्या घेऊन. खाली घरात लिफ्टसाहेब एकटे, कालचंच वर्तमानपत्र पुन्हा वाचत. थोड्या वेळानं बायको झाकलेली ताटली आणून त्यांच्यापुढे ठेवायची. त्यांचं उत्तर ठरलेलं. "मला पित्ताचा त्रास आहे." सकाळी ती ताटली जशीच्या तशी उचलली जायची.

लिफ्टसाहेबांना पित्ताचा कसलाही त्रास नव्हता. मामा वरून मिरच्या पाठवून आपल्याला खिजवतो आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. एका वर्षी तर त्यांनी इमारतीच्या कमिटीपुढे 'गच्चीवर विस्तव पेटवण्यास मनाई' असा नियम मांडला. सुरेख टाइप केलेला, पोटकलमांसकट. कमिटीनं तो एकमतानं मंजूर केला आणि लगेच खाली जोडलं की मामांच्या शेगडीला वर्षातून एकदा सूट राहील; ती 'अहस्तांतरणीय' असेल, म्हणजे दुसऱ्या कुणाला देता येणार नाही, एवढा शब्द फक्त लिफ्टसाहेबांना घालून घेता आला. त्या दिवशी लिफ्टसाहेब रात्री जेवले नव्हते.

आता मामा नव्हते. शेगडी गच्चीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती, आणि लिफ्टशेजारच्या फलकावर कमिटीची सूचना लागली होती की गच्चीवरील बेवारस सामान रविवारी भंगारवाल्यास देण्यात येईल. बायको ती सूचना वाचून घरी आली. जेवायला बसली, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. तिच्या मनगटातलं घड्याळ सैल होऊन पार कोपराकडे सरकायला लागलं होतं. लिफ्टसाहेबांनी ते पाहिलं.

त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. शनिवारी त्याच शेगडीवर त्याच मिरच्या आपण करायच्या. तिला वर न्यायचं, हातात ताटली द्यायची. ती खाईल. आणि खाल्लं की बोलेल. निदान चीज कमी पडलं म्हणून तरी बोलेल.

आता या मिरच्या करतात कशा, हे एकट्या मामांना ठाऊक आणि ते तर गेले. बायकोला विचारावं, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं. पण मग आश्चर्य काय राहिलं? शिवाय भावाचा विषय काढला की तिचा चेहरा बघवत नसे. तेव्हा तिला सोडून बाकी सगळ्यांना विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. हुशार माणसं अशीच ठरवतात.

पहिला सल्ला तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा. मामांच्या मिरच्या सर्वांत जास्त कुणी खाल्ल्या असतील तर यांनी. त्यांनी डोळे मिटले.

"पहिली गोष्ट," ते म्हणाले, "बिया काढायच्या नाहीत. तिखटपणा सगळा आतच असतो. तो काढलात तर मग ती मिरची कसली?"

"मामा काढायचे नाहीत?"

"आता ते मी बघितलं नाही. पण काढत असते तर इतकी चव आली असती का? दुसरं म्हणजे चीज भरपूर. दाबून. दाढेत सिमेंट भरतो ना आम्ही, तसं. पोकळी राहिली की संपलं."

"तुम्ही स्वतः कधी केल्यात?"

"छे हो! मी फक्त खातो," डॉक्टर म्हणाले. "पण मनापासून खातो."

दुसरी पायरी परवानगीची. सेक्रेटरी म्हणजे एक सडपातळ, कायम सर्दी झालेला, नियमांवर जीव असलेला माणूस. त्यानं लिफ्टसाहेबांचं म्हणणं नाक पुसत ऐकून घेतलं.

"सूट मामांना होती," तो म्हणाला.

"मी त्यांच्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे."

"सूट अहस्तांतरणीय आहे. शब्द तुमचाच. मी तेव्हा म्हटलं होतं, साहेब, एवढा जड शब्द कशाला, साधं लिहू या. तुम्ही माझ्यावर डोळे वटारलेत."

"अहो, पण नियम मीच केला ना?"

"म्हणून तर तुम्ही तो मोडणं जास्त वाईट."

आपण किती बिनचूक लिहून गेलो आहोत, याचा लिफ्टसाहेबांना त्याही अवस्थेत थोडा अभिमान वाटला. ते जायला निघाले तेव्हा सेक्रेटरीला काय वाटलं कुणास ठाऊक, कदाचित त्यालाही मिरच्या आठवल्या असतील. तो म्हणाला, "एक वाट आहे. तुमच्याच चौथ्या पोटकलमात लिहिलंय की आग विझवायच्या वाळूच्या बादलीची दरवर्षी चाचणी घ्यावी. ती आजवर कुणी घेतलेली नाही. आता चाचणी घ्यायची तर विस्तव लागणारच."

"लागणारच," लिफ्टसाहेब म्हणाले.

"मग शनिवारी बादलीची चाचणी. मी जातीनं हजर राहीन. त्या विस्तवावर तुम्ही काय ठेवता ते मी बघणार नाही."

मांसाच्या दुकानात वेगळीच परीक्षा. तिथली मालकीण बर्फाच्या पेटीवर कोपर टेकून उभी होती.

"पातळ देऊ की जाड?"

"मजबूत द्या."

"मजबूत म्हणजे?"

"म्हणजे," लिफ्टसाहेबांनी खुलासा केला, "आत बराच भार असणार आहे. तो पेलला पाहिजे. तुटता कामा नये."

मालकिणीनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "ताई तर दरवर्षी पातळच नेतात," ती म्हणाली.

म्हणजे सामान वाहायचं ते बहिणीनं आणि मिरवायचं भावानं! मामांवरचा जुना राग लिफ्टसाहेबांच्या मनात पुन्हा डोकं वर काढायला लागला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणून त्यांनी तो दाबला. पण जाडच पट्ट्या घेतल्या.

राहिला प्रश्न जागेचा. घरात करावं तर बायकोला कळणार. लिफ्टसाहेबांनी ढगाळ हवेकडे पाहिलं, खिशातली किल्ली चाचपली आणि शनिवारी दुपारी सगळं सामान घेऊन गच्चीवरच्या यंत्रखोलीत दार लावून बसले. आता यंत्रखोलीत तेलाच्या डब्याखेरीज काहीही ठेवू नये, हे वाक्य त्यांनी नोकरीभर शेकडो इमारतींच्या लोकांना सुनावलेलं. एका ठिकाणी नुसती केरसुणी सापडली म्हणून त्यांनी लिफ्ट बंद करवली होती. तेच लिफ्टसाहेब आज मोटरशेजारी पाट टाकून मांडीवर मिरच्यांची परात घेऊन बसले होते. खोलीत अंधूक बल्ब होता. मोटर मधूनच घरघर करायची आणि थांबायची. एकंदरीत फार उदास ठिकाण होतं.

मिरच्या चिरल्या. बिया तशाच ठेवल्या. चीज भरलं, अंगठ्यानं दाबलं, पुन्हा भरलं. ज्या माणसानं आयुष्यभर एका माणसाचंही जादा वजन चालू दिलं नाही, त्यानं एकेका मिरचीत दोन मिरच्यांचं चीज कोंबलं. मग बेकन. जाड पट्ट्या काही केल्या वळेनात. वळवलं की उलगडायच्या, आणि काड्या टोचल्या की काड्या मोडायच्या. शेवटी त्यांनी यंत्रखोलीतली बारीक तार घेतली आणि प्रत्येक मिरची दोन ठिकाणी आवळून बांधली. काम पक्कं झालं. त्यांनी एक मिरची तारेला धरून लोंबकळवून पाहिली. भार पेलत होता.

इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांचा चष्मा घसरला. तो त्यांनी वर सरकवला आणि सरकवता सरकवता, सवयीनं, डोळा चोळला.

पुढचं वर्णन करवत नाही. लिफ्टसाहेब ओरडले नाहीत, कारण बायकोला कळलं असतं. ते नुसते उठले, दोन्ही डोळे मिटून गोल फिरले, आणि त्यांचं कोपर भिंतीवरच्या मुख्य खटक्यावर बसलं. खट्. बल्ब गेला, मोटर गेली. खालून, कुठूनतरी दोन मजल्यांच्या मधून, एक सर्दी झालेला आवाज आला.

"लिफ्टसाहेब! लिफ्ट बंद पडली!"

सेक्रेटरी वाळूची बादली घेऊन वर येत होता.

आता खटका पुन्हा वर केला की काम झालं असतं, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. पण लिफ्ट मध्येच थांबली तर कारण कळल्याखेरीज वीज परत द्यायची नाही, आणि त्याआधी प्रत्येक मजल्यावरचं दार तपासायचं, हा नियम आहे. डोळे गेले म्हणून लिफ्टसाहेब नियम सोडणारे नव्हते. ते भिंत चाचपत जिन्यानं खाली उतरले आणि एकेक दार हातानं ओढून पाहायला लागले. डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"कारण काय आहे?" लिफ्टमधून सेक्रेटरी.

"कारणाचा शोध चालू आहे," लिफ्टसाहेब म्हणाले.

"तुम्ही रडताय का?"

"नाही."

तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर भेटले. त्यांनी एका नजरेत रोग ओळखला, लिफ्टसाहेबांना आपल्या खुर्चीत आडवं केलं आणि दोन्ही डोळ्यांत थंड दूध ओतलं. वर सवयीनं 'आ करा' असंही म्हणाले. दूध गळ्यावरून सदऱ्यात उतरलं. तेवढ्यात समोरच्या घरातल्या बाई दात दाखवायला आल्या, त्या हे दृश्य बघून तशाच परत गेल्या. डोळे उघडले तेव्हा उरलेली दारं तपासून लिफ्टसाहेबांनी खटका वर केला आणि सेक्रेटरी बादलीसकट सुटला. आणि तासाभरात साऱ्या इमारतीत बातमी झाली की मेहुण्याच्या आठवणीनं लिफ्टसाहेब ढसाढसा रडतायत, डॉक्टरांनी कसंबसं सावरलं.

त्यामुळे संध्याकाळी गच्चीवर, न बोलावता, बरीच माणसं आली. ताटल्या आणल्या होत्या, पण लाजून पाठीमागे धरल्या होत्या. बायकोला लिफ्टसाहेब निरोप ठेवून आले होते, "जरा वर ये, काम आहे." ती अजून आली नव्हती.

कोळसा ताडपत्रीखाली राहून दमट झालेला. पेटेना. कागद संपले, फुंकून फुंकून लिफ्टसाहेबांना चक्कर आली. डॉक्टरांनी दाताच्या खड्ड्यात हवा मारायची रबरी पिचकारी आणली आणि ते फुस्स फुस्स करत बसले. वर आभाळ करडं, खाली धूर करडा, आणि मध्ये लिफ्टसाहेबांचा चेहरा, तोही त्याच रंगाचा. मग एकाएकी कोळशानं मनावर घेतलं. लिफ्टसाहेबांनी परातीतल्या अर्ध्या मिरच्या जाळीवर, बरोबर विस्तवाच्या डोक्यावर, ओळीनं मांडल्या. चिमटा हातात घेतला. मामा उभे राहायचे तसे उभे राहिले.

क्षणभर सगळं छान होतं. वाससुद्धा आला. कुणीतरी पाठीमागची ताटली पुढे घेतली.

मग जाड पट्ट्यांची चरबी वितळून विस्तवावर पडायला लागली. एक थेंब, दोन थेंब, मग धार. दाबून भरलेल्या चीजनं तारांमधून वाट काढली आणि तेही खाली आलं. आणि वॉशिंग मशीनच्या त्या ड्रमच्या प्रत्येक भोकातून, चारी बाजूंनी, एकदम ज्वाळा बाहेर पडल्या. लोक मागे सरले. लिफ्टसाहेबांच्या भुवया करपल्याचा वास आला. सेक्रेटरी मात्र पुढे आला. एवढी वर्षं या क्षणाची वाट बघितल्यासारखा त्याचा चेहरा उजळला होता.

"चाचणी!" तो ओरडला, आणि अख्खी बादली शेगडीवर रिकामी केली.

विस्तव विझला. चाचणी शंभर टक्के यशस्वी झाली. जाळीवर वाळूचा ढीग, त्यातून इकडेतिकडे तारेची टोकं वर आलेली.

कुणी हसलं असतं तर लिफ्टसाहेबांनी ते सोसलं असतं. पण कुणी हसलं नाही. "चालायचंच," कुणीतरी म्हणालं. "मामांचा हातच वेगळा होता," आणखी कुणीतरी. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. आणि सगळे एकेक करून, पाय न वाजवता, खाली निघून गेले, जसे मामांना पोचवून परत येताना चालले होते. लिफ्टसाहेबांनी रिकामी बादली उपडी केली आणि तिच्यावर बसले. उद्या भंगारवाला शेगडी नेईल. बायको तशीच 'चहा टाकू' म्हणत राहील. घड्याळ अजून वर सरकेल. आपल्याच्यानं एवढंही झालं नाही, असं वाटून त्यांच्या डोळ्यांना पुन्हा पाणी आलं, आणि या वेळी त्यात मिरचीचा काही संबंध नव्हता.

जिन्याचं दार वाजलं. बायको आली. तिनं शेगडीकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं, लिफ्टसाहेबांच्या नसलेल्या भुवयांकडे पाहिलं. मग तिनं चिमट्यानं वाळूतून एक मिरची बाहेर ओढली आणि उजेडाकडे धरली.

"ही तार आहे?"

"हो."

"तार बांधलीत? खायच्या वस्तूला? लिफ्ट आहे का ती?" तिचा आवाज आधी बारीक होता, मग चढायला लागला. "आणि या जाड पट्ट्या कुणी आणायला सांगितल्या होत्या? चरबी गळणार नाही तर काय होईल? बिया काढल्यात का? नाही काढल्या! बियांसकट भरल्यात! माणसं मारायची होती का? आणि विस्तवाच्या वर ठेवतं का कुणी? कोळसा एका बाजूला करायचा, मिरच्या दुसऱ्या बाजूला. नुसत्या धगीवर शिजतात त्या. एवढी अक्कल नाही? विचारायचं तरी ना मला! साऱ्या गावाला विचारत फिरलात म्हणे, आणि मी घरात बसलेय ती दिसले नाही?"

लिफ्टसाहेब खाली मान घालून ऐकत होते. फार बरं वाटत होतं. उन्हाळ्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं. ते काही वेळ नुसते आवाजच ऐकत राहिले. शब्दांकडे त्यांचं लक्ष जरा उशिरा गेलं.

"तुला काय ठाऊक कशा करतात ते?" त्यांनी विचारलं.

"मला नाही तर कुणाला? दरवर्षी कोण करत होतं?"

"मामा."

"दादा!" ती म्हणाली. "दादाला साधा चहा करता येत होता का? मशीन सोडून त्याला काही येत नव्हतं. मी करायची, त्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून. पहाटेपासून. चिरायच्या, बिया काढायच्या, भरायच्या, गुंडाळायच्या. तो वर उभा राहून नुसत्या उलटायचा. त्याही मी खुणावलं की."

लिफ्टसाहेब बादलीवरून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. "मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? दुकान बसलं होतं त्याचं. दिवसभर कुणी फिरकायचं नाही तिकडे. वर्षातून एक संध्याकाळ चार माणसं त्याला वा म्हणायची. घेऊ दे की त्याला, म्हटलं. मला कुणाचं वा नको होतं." तिनं चिमटा खाली ठेवला. "मला एकच बघायचं असायचं. तुमच्यापुढे ताटली ठेवायची ना मी? सकाळी झाकण काढून बघायची, एक तरी कमी झालीय का. दरवर्षी बघायची."

झाकलेल्या त्या सगळ्या ताटल्या लिफ्टसाहेबांच्या डोळ्यांपुढे आल्या. मामानं खिजवायला पाठवलेल्या म्हणून ज्यांच्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या सगळ्या. त्यांनी हात पुढे केला, वाळूतली एक जळकी मिरची उचलली आणि तोंडाकडे नेली.

तिनं फटकन हातावर मारलं. "आता वाळू खाता? ठेवा ती खाली. उरलेल्या कुठे आहेत?"

"यंत्रखोलीत."

"यंत्रखोलीत!" ती म्हणाली, आणि त्यावरही जे बोलायचं ते पोटभर बोलली.

मग ती कामाला लागली. तारा सोडल्या, चीज खरवडून काढलं, चमच्याच्या दांड्यानं बिया काढल्या, जाड पट्ट्या सुरीनं चिरून पातळ केल्या. उरलेल्या चांगल्या काड्या शोधल्या. लिफ्टसाहेबांकडून शेगडी उपडी करवली, वाळू झटकवली, राहिलेला कोळसा एका बाजूला पेटवून घेतला. मिरच्या दुसऱ्या बाजूला मांडल्या. आणि चिमटा त्यांच्या हातात दिला.

"इथे उभे राहा. मी सांगेन तेव्हा उलटा. त्याआधी हात लावायचा नाही."

ते उभे राहिले. तिनं मान हलवली की उलटायचे. हळूहळू वास सुटला, जिन्यातून खाली उतरला, आणि पाठोपाठ माणसं वर आली. सर्वांत पुढे डॉक्टर. त्यांनी एक मिरची तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"वा, लिफ्टसाहेब! अगदी मामांची चव! वा!"

लिफ्टसाहेबांच्या आयुष्यातलं हे पहिलं वा. त्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं. शेगडीच्या पलीकडून बायकोनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्यांनी ते मिटलं. आपलं नसलेलं वा घेऊन उभं राहणं किती अवघड असतं, हे त्यांना तेव्हा कळलं. मामांनी हे दरवर्षी केलं होतं, आणि ऐटीत केलं होतं. लिफ्टसाहेबांना एकाएकी त्या माणसाची फार आठवण आली.

सेक्रेटरी आपली मिरची एका कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून खात होता. खाऊन झाल्यावर नाक पुसून तो म्हणाला, "शेगडी भंगारात देता येणार नाही. बादलीची चाचणी दरवर्षी घ्यायची असते. तुमच्याच पोटकलमात आहे."

लोक गेल्यावर ती यंत्रखोलीतल्या पाटावर बसली आणि तिनं एक मिरची घेतली. निम्मी खाल्ली आणि रडायला लागली. "दादा हवा होता," ती म्हणाली. लिफ्टसाहेब म्हणाले, "हो." ती रडत रडत उरलेली निम्मी खाऊन संपवत होती. पदरानं डोळे पुसले, तेव्हा घड्याळ पुन्हा कोपराकडे सरकलं.

मग तिनं शेजारी झाकून ठेवलेली ताटली त्यांच्यापुढे केली आणि दुसरीकडे बघत बसली. लिफ्टसाहेबांनी झाकण काढलं. एक खाल्ली. चव चांगली होती, फार चांगली होती, आणि तिखट होती. दुसरी खाल्ली. त्यांचे डोळे पुन्हा वाहायला लागले, कान लाल झाले. तिसरी खाऊन त्यांनी ताटली तिच्यापुढे धरली.

तिनं वळून पाहिलं. ताटली रिकामी होती.

"पित्ताचं काय?" तिनं विचारलं.

"मला पित्त कधीच नव्हतं," लिफ्टसाहेब म्हणाले.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि चिमट्यानं आणखी एक मिरची त्यांच्या ताटलीत ठेवली.